सरावानंतर हात किती वेळ दुखत राहतो, हे आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारीचे वय २७ आहे. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० शब्द प्रति मिनिट या वेगाची टंकलेखन चाचणी दोन महिन्यांवर आली आहे. इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या प्रमाणित मांडणीच्या, कळफलकावर रोज दोन तास क्लासमध्ये आणि दोन तास घरी लॅपटॉपवर असा चार तास सराव चालतो. तीन आठवड्यांपासून उजव्या मनगटात अंगठ्याच्या बाजूला कळ येते, संध्याकाळी पंजा जड पडतो आणि पहाटे बोटांना मुंग्या येऊन जाग येते. घरचे म्हणतात, सवय झाली की जाईल. क्लासमधले शिक्षक म्हणतात, वेग वाढवा, हात मोकळा होईल. सध्या क्रेप बँडेज घट्ट बांधून सराव चालू आहे. थांबावे की चालू ठेवावे, असा प्रश्न आहे.

थांबू नका आणि आहे तसा सराव चालूही ठेवू नका, असे माझे उत्तर आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणून गेली बावीस वर्षे मी प्रामुख्याने हातांच्या दुखण्यांवर काम करतो. या काळात टंकलेखक, शिंपीकाम करणाऱ्या स्त्रिया, संगणकावर काम करणारे अभियंते, पोळ्या लाटून देणाऱ्या बायका आणि तबलावादक यांचे हात मी पाहिले आहेत. त्यांपैकी जे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आले त्यांना कामाच्या पद्धतीत थोडा बदल करून बहुधा बरे वाटले. जे आठ-दहा महिन्यांनी आले त्यांच्यापैकी काहींना काम बदलावे लागले. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात विचारले, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण या घडीला तुमच्या हातात करण्यासारखे पुष्कळ आहे.

हात किती दुखतो, हे सगळेच सांगतात. मला त्याहून अधिक महत्त्वाचे वाटते ते काम संपल्यानंतर हात किती वेळ दुखत राहतो हे. नवीन काम सुरू केले की हात भरून येतात, रग लागते. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरते आणि दोन-तीन आठवड्यांत तेच काम हलके वाटू लागते. घरच्यांनी सांगितलेली ‘सवय’ ती हीच, आणि तिच्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. अतिवापराचे दुखणे नेमके याच्या उलट चालते. पहिल्या टप्प्यात काम करताना दुखते आणि रात्रीच्या विश्रांतीने थांबते. दुसऱ्या टप्प्यात ते दर आठवड्याला थोडे लवकर सुरू होते, म्हणजे पूर्वी दोन तासांनी येणारी कळ आता अर्ध्या तासात येते, आणि रात्र उलटली तरी हात पूर्ण मोकळा होत नाही. तिसऱ्या टप्प्यात कामाचा संबंधच उरत नाही. चहाचा कप उचलताना, दाराची कडी काढतानाही दुखते. पहाटे तुमची झोप मोडू लागली आहे, यावरून तुम्ही पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात पाऊल टाकले आहे असे मला वाटते. येथून मागे फिरणे सोपे असते. तिसऱ्या टप्प्यातून मागे येता येते, पण त्याला कित्येक महिने लागतात.

तुम्ही एकाच दुखण्यासारख्या सांगितलेल्या तक्रारी बहुधा दोन वेगळ्या जागांच्या आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखल्या तरच उपाय नीट बसतात.

पहिली जागा अंगठ्याच्या बाजूचे मनगट. अंगठा वर उचलणाऱ्या आणि बाजूला नेणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, तेथे एका अरुंद बोगद्यातून जातात. त्या सतत घासल्या किंवा ताणलेल्या राहिल्या की त्यांच्यावरचे आवरण जाड होते आणि दोरी अडखळत सरकू लागते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द क्वेर्व्हान यांनी १८९५ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून डॉक्टर त्याला ‘डी क्वेर्व्हेन’ म्हणतात. लहान बाळाला काखेत धरून वारंवार उचलणाऱ्या आयांमध्ये हे मी खूप पाहतो. घरी पडताळायचे असेल तर अंगठा तळव्यात घेऊन वर हलकी मूठ वळा आणि मनगट अगदी सावकाश करंगळीच्या दिशेने झुकवा. निरोगी हातालाही येथे थोडा ताण जाणवतो, म्हणून आधी डाव्या हाताने करून पाहा आणि मग उजव्या हाताने. उजवीकडे झटकन तीक्ष्ण कळ आली, तर संशय बळावतो. ही कसोटी एकदाच करा. दिवसातून दहा वेळा ‘अजून दुखते का’ म्हणून तपासत राहणारे लोक त्याच कंडरेला पुन्हा पुन्हा डिवचत असतात.

टंकलेखनात अंगठ्याला एवढे काय काम असते, असे वाटेल. तो फक्त स्पेस बार दाबतो. पण सराव करताना एकदा बाजूने मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करा आणि अंगठा पाहा. नवशिक्या टंकलेखकांपैकी अनेकांचा अंगठा स्पेस दाबून झाल्यावर खाली विसावत नाही. चुकून स्पेस पडू नये म्हणून तो तासन्‌तास हवेत उचललेला राहतो. हालचाल दिसत नाही, पण तो उचलून धरणाऱ्या त्या दोन दोऱ्या अखंड ताणलेल्या असतात. दुसरे कारण बॅकस्पेस. उजवी करंगळी वरच्या कोपऱ्यातल्या त्या कळीपर्यंत नेताना बहुतेक जण पंजा उचलून नेत नाहीत, मनगट करंगळीच्या बाजूला वाकवतात. वर सांगितलेल्या कसोटीत आपण मुद्दाम जे करतो तेच चुकीच्या प्रत्येक अक्षरामागे नकळत घडते. वेग वाढवा या सल्ल्याशी माझे मतभेद आहेत ते याच कारणाने: अचूकता येण्याआधी वेग वाढवला की चुका वाढतात, चुकांबरोबर बॅकस्पेस वाढतो, आणि मनगटाला दुप्पट काम पडते.

दुसरी जागा तळहाताच्या मुळाशी, मनगटाच्या मधोमध आहे. तेथे आठ लहान हाडांचा तळ आणि वरून एक मजबूत पट्टा, अशा बोगद्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस, मीडियन नर्व्ह, एकत्र जातात. जागा आधीच दाटीची असल्यामुळे जरा सूज आली की नस दबते. तिच्या क्षेत्रात अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू येते. करंगळी येत नाही. म्हणून पहाटे जाग आली की दिवा लावून एवढेच पाहा, की मुंग्या नेमक्या कोणत्या बोटांत आहेत. करंगळी सोडून इतर बोटांत असतील आणि हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर ही नस दबत आहे असे समजण्यास बराच आधार मिळतो. या स्थितीला ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. फक्त करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर कोपराच्या आतील बाजूने जाणारी दुसरी नस दबत असते, आणि त्याचे कारण बहुधा कोपर दुमडून झोपणे, टेबलाच्या कडेवर कोपर टेकवणे किंवा फोन कानाशी धरून लांबलचक बोलणे हे असते. संपूर्ण हाताला खांद्यापासून मुंग्या येत असतील आणि मान फिरवल्यावर त्या वाढत असतील, तर मूळ मानेत शोधावे लागते.

दिवसा काम करताना फारसे न जाणवणारे हे लक्षण रात्री का छळते, असे रुग्ण नेहमी विचारतात. झोपेत आपण मनगट दुमडून गालाखाली किंवा छातीशी घेतो. दुमडलेल्या मनगटात बोगद्यातील दाब वाढतो, शिवाय आडवे झाल्यावर दिवसभर हातापायांत उतरलेला द्रव सगळीकडे पसरतो. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटे खाली दुमडून ६० सेकंद धरली की त्याच बोटांत मुंग्या येतात का, ही यासाठीची साधी कसोटी आहे. तीही एकदाच करून पाहा.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. नस दबण्याचे खापर प्रत्येक वेळी कळफलकावर फोडता येत नाही. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण आणि संधिवात यांमुळेही हाच बोगदा आवळतो. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येणाऱ्या मुंग्या दोन्ही पायांत आणि हातांत असतात, आणि शाकाहारी घरांत ही कमतरता अजिबात दुर्मीळ नाही. म्हणून साखर, थायरॉइड आणि बी-१२ यांच्या साध्या रक्ततपासण्या या आठवड्यातच करून घ्या. सत्ताविसाव्या वर्षी ‘मला कुठला मधुमेह’ असे म्हणून या तपासण्या टाळलेल्या आणि नंतर त्यातच कारण सापडलेल्या मुली माझ्याकडे आल्या आहेत.

आता सराव किती करावा याविषयी. तुमचा चार तासांचा सराव मी पहिल्या दोन आठवड्यांसाठी दोन तासांवर आणायला सांगेन, आणि ते दोन तासही सलग नकोत. २० मिनिटांची एक बैठक, त्यानंतर किमान १० मिनिटे हात पूर्ण मोकळा, अशा सहा बैठका दिवसभरात विभागून घ्या. क्लासच्या दोन तासांत अशा तीन-चार बैठका बसतात. मधल्या वेळात उतारा नुसता वाचा, अवघड जोडाक्षरे डोळ्यांनी कळफलकावर शोधा. चाचणी स्वतः काही मिनिटांची असते, तासांची नव्हे, त्यामुळे लहान बैठकांचा सराव तिच्या स्वरूपाला अधिक जवळचा आहे. प्रत्येक बैठकीनंतर वहीत तीन नोंदी करा: कळ किती मिनिटांनी सुरू झाली, शून्य ते दहा या मोजपट्टीवर ती किती होती, आणि थांबल्यावर किती वेळाने गेली. सरावात कळ तीनच्या आत राहत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात पूर्ववत असेल, तर तो भार हाताला झेपतो आहे. सकाळीही दुखत असेल, तर आदल्या दिवशी भार जास्त झाला, एवढाच त्याचा अर्थ घ्या आणि त्या दिवशी दोन बैठका कमी करा. दोन आठवडे असे स्थिर गेले की दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवावा, ही मी पाळत आलेली पद्धत आहे.

पूर्ण विश्रांती का सांगत नाही, हेही स्पष्ट करतो. महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवला तर दुखणे थांबते खरे, पण स्नायू आणि कंडरा तेवढ्याच दुबळ्या होतात. मग चाचणी जवळ आली म्हणून एकदम चार तासांवर उडी मारली की पहिल्यापेक्षा जोरात दुखते. कंडरांना भार लागतो. तो झेपेल एवढा आणि मधे उसंत देऊन दिलेला असावा.

उसंतीवरून एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. जुन्या यांत्रिक टंकलेखन यंत्रावर कळा जड होत्या, बोटे दुखत, तरीही ओळ संपली की घंटी वाजे, हात उचलून कॅरेज मागे ढकलावे लागे, पान संपले की कागद आणि कार्बन बदलावा लागे. दर मिनिटाला हाताची ठेवण आपोआप बदलत होती. संगणकाने कळा हलक्या केल्या आणि त्याबरोबर ही सगळी विश्रांती काढून घेतली. आता बोटे दोन तास एका जागेवरून हलत नाहीत. त्यात क्लासमधील अनेक शिक्षक स्वतः त्या जड यंत्रावर शिकलेले असल्यामुळे कळ ‘ठोकायला’ शिकवतात. संगणकाच्या कळीला तेवढ्या जोराची गरज नसते. खटखट आवाज कमी झाला तर बोटांवरचा जोर कमी झाला असे समजा. आवाज ही यासाठी चांगली खूण आहे.

हे दुखणे संगणकाबरोबर आले असेही नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लेखनिकांच्या आजारांविषयी लिहिताना तीन कारणे सांगितली: सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. त्यांच्या ओळखीच्या एका लेखनिकाचा उजवा हात निकामी होत गेला, तो डाव्या हाताने लिहायला शिकला आणि काही काळाने डाव्या हातालाही तेच झाले. ब्रिटनमध्ये १९०८ साली तारायंत्र चालवणाऱ्यांच्या हाताला येणारा पेटका नुकसानभरपाईस पात्र आजारांच्या यादीत घातला गेला. रामाझ्झिनींचे तिसरे कारण मी तुमच्यासाठी मुद्दाम अधोरेखित करतो. परीक्षेचा ताण असला की खांदे नकळत कानांकडे चढतात, पंजा आवळला जातो आणि तेवढेच टंकलेखन हाताला अधिक जड जाते. दर बैठकीच्या सुरुवातीला एक दीर्घ श्वास सोडत खांदे खाली सोडा. याला वेळ लागत नाही.

क्रेप बँडेज आज काढून ठेवा. घट्ट बँडेज मनगटाच्या त्याच बोगद्यावर बाहेरून दाब देते, म्हणजे ज्या नसेला जागा हवी आहे तिची जागा आपण आणखी कमी करतो. शिवाय बांधलेल्या मनगटाने टंकलेखन केले की तीच हालचाल कोपर आणि खांदा करू लागतात आणि आठवड्याभरात तेथे दुखू लागते. मनगटाला आधार हवा तो रात्री. औषधांच्या दुकानात धातूची किंवा प्लॅस्टिकची पट्टी असलेला मनगटाचा स्प्लिंट मिळतो. तो घेताना मनगट हाताच्या रेषेत सरळ राहते ना, हे पाहा; पुष्कळ स्प्लिंटमधील पट्टी पंजा मागे वाकवणारी असते, ती हाताने सरळ करून घ्यावी लागते. पट्टा एवढा सैल असावा की त्याखाली एक बोट सहज जाईल. तो रोज रात्री, किमान सहा आठवडे वापरा. दोन रात्रींत फरक दिसला नाही म्हणून सोडून देऊ नका. अंगठ्याची कळ मात्र या स्प्लिंटने थांबत नाही; ती तीव्र असेल तर अंगठ्यालाही आधार देणारा वेगळा स्प्लिंट लागतो, आणि तो प्रत्यक्ष हात पाहून निवडलेला बरा.

बसण्याच्या जागेविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून मी फक्त तुमच्या प्रसंगापुरते सांगतो. घरचा दोन तासांचा सराव पलंगावर मांडी घालून होत असेल, असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर ते आधी बंद करा. मांडीवरच्या लॅपटॉपवर मनगटे वर वाकलेली राहतात आणि तशी वाकली की बोगद्यातील दाब वाढतो. जेवणाचे टेबल, साधी खुर्ची, खाली एक उशी, आणि कळफलक कोपरांच्या उंचीला किंवा किंचित खाली, एवढे पुरते. शक्य असल्यास तीन-चारशे रुपयांचा वेगळा कळफलक घ्या, कारण चाचणीही बहुधा तशाच कळफलकावर द्यायची असते. त्याच्या मागच्या बाजूला दोन लहान पाय असतात. ते उघडले की कळफलक तिरपा होतो आणि मनगट मागे वाकते, म्हणून ते मिटून ठेवा. क्लासमध्येही तेच करा. उतारा टेबलावर आडवा ठेवून मान वाकवत राहू नका. घरात पोथीची लाकडी ठवणी असेल तर ती दोन डब्यांवर ठेवून त्यावर उतारा लावा, फार छान काम होते.

इन्स्क्रिप्टविषयी एक बारीक गोष्ट. या कळफलकावर स्वरचिन्हे डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ख, घ, थ, ध, भ ही अक्षरे उजव्या हाताच्या कळीसह शिफ्ट दाबून येतात, म्हणजे शिफ्ट डाव्या करंगळीने दाबायची असते. अ, आ, इ हे स्वर डाव्या हाताच्या कळींवर आहेत, म्हणून त्यांच्यासाठी उजवी शिफ्ट. प्रत्यक्षात मी पाहतो ते असे, की शिकणारी मुले ज्या बाजूची शिफ्ट सवयीची झाली तीच सगळीकडे वापरतात. एकाच हाताच्या करंगळीने शिफ्ट धरून त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाने अक्षर दाबताना पंजा फाकतो आणि मनगट वळते. ‘धन्यवाद’ आणि ‘आभार’ हे दोन शब्द सावकाश लिहून तुमची कोणती करंगळी कुठे जाते ते पाहा. पहिल्या आठवड्यात वेग सोडून फक्त एवढीच सुधारणा केली तरी चालेल.

आता हातावरचा उरलेला भार. मनगटाला टंकलेखनाचे तास आणि घरकामाचे तास वेगळे मोजता येत नाहीत. कणीक मळणे, भाकरी थापणे, ओले कपडे पिळणे, सांडशीने जड पातेले उतरवणे, नारळ खवणणे, या प्रत्येक कामात अंगठा आणि मनगट यांवर ताण येतो. मुलीच्या अभ्यासाचे तास आपल्या घरांत मोजले जातात. तिच्या हाताने केलेली कामे मात्र कुणी मोजत नाही, याचे मला दर वेळी वाईट वाटते. पुढचे दोन महिने कणीक मळणे आणि कपडे पिळणे ही दोन कामे घरातील दुसऱ्या कोणीतरी घ्यावीत. हे उत्तर आईला वाचून दाखवा. फिजिओथेरपिस्टने लिहून दिले आहे म्हटल्यावर बहुतेक आया ऐकतात. पातेले दोन्ही हातांनी, तळवा वरच्या दिशेला ठेवून उचला. मोबाइल एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने वर-खाली सरकवत बसणे हे तर अंगठ्याच्या त्या कंडरांसाठी सरावाच्या पाचव्या तासासारखे आहे. फोन टेबलावर ठेवा, तर्जनीने वापरा, लांब संदेश बोलून पाठवा.

शेक आणि तेलाबद्दल माझा विरोध नाही, एक मर्यादा आहे. सरावाआधी कोमट पाण्यात पाच-सात मिनिटे हात बुडवून बोटे उघड-मीट केल्याने हात मोकळा होतो. सरावानंतर तीक्ष्ण कळ असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ पाच ते दहा मिनिटे लावा. तेल हलक्या हाताने कोपराच्या बाजूच्या मांसल भागाला लावा. दुखऱ्या जागी अंगठा रुतवून चोळू नका आणि कोणाकडूनही ‘नस बसवून’ घेऊ नका. दबलेल्या नसेला आणखी दाबून ती सुटत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन सरावाला बसणे मला सर्वांत घातक वाटते, कारण मर्यादा सांगणारी एकमेव खूण आपण बुजवून टाकतो आणि दोन तासांनी त्याचे बिल येते. शिवाय अशा गोळ्या रोज घेतल्या की जठर आणि मूत्रपिंड यांना त्रास होऊ शकतो.

व्यायामांपैकी आत्ता फक्त दोन. पहिला: बोटे सरळ, मग फक्त वरची पेरे दुमडून हुकासारखा आकार, मग पूर्ण मूठ, पुन्हा सरळ, असे सावकाश पाच वेळा, दिवसातून तीन-चारदा. यामुळे बोगद्यातील कंडरा एकमेकींवरून मोकळ्या सरकतात. दुसरा: हात टेबलावर ठेवून मनगट सरळ रेषेत, दुसऱ्या हाताने पंजाच्या पाठीवर हलका दाब द्या आणि मनगट न हलवता त्या दाबाला विरोध करा, १० सेकंद, पाच वेळा. व्यायाम करताना मुंग्या आल्या तर तेथेच थांबा. चेंडू दाबण्याचा व्यायाम अनेक जण स्वतःहून सुरू करतात. तुमच्यासाठी तो सध्या नको, त्याने त्याच बोगद्यावर भार पडतो.

काही वर्षांपूर्वी टंकलेखनाचे काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. रात्रीच्या मुंग्या त्यांनी आठ महिने सहन केल्या होत्या आणि अलीकडे त्या कमी झाल्या म्हणून त्यांना बरे वाटत होते. मी टेबलावर रुपयाचे नाणे ठेवून ते उचलायला सांगितले. त्यांनी चिमटीत धरायचा दोनदा प्रयत्न केला, मग नाणे बोटाने कडेपर्यंत सरकवत आणले आणि खाली दुसरा हात धरून त्यात पाडले. त्यांना स्वतःलाही कळले नव्हते की ते किती दिवसांपासून असे करत आहेत. त्यांचे दोन्ही तळवे शेजारी ठेवले तेव्हा उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेली मांसल गादी सपाट झालेली स्पष्ट दिसत होती. मुंग्या कमी झाल्या होत्या त्या नस बरी झाली म्हणून नव्हे. ती संवेदना वाहून नेईनाशी झाली होती. शस्त्रक्रियेनंतर त्यांची रात्रीची झोप परत आली, पण ती गादी पूर्वीसारखी भरली नाही.

म्हणून पुढील गोष्टींपैकी एकही दिसली तर वाट पाहू नका: बोटांतील बधिरपणा दिवसाही सतत राहणे, हातातून वस्तू निसटणे, गुंडी लावताना बोटे न चालणे, अंगठ्याची गादी बारीक होणे. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर यांना त्याच आठवड्यात दाखवावे. दोन्ही हात बधिर होऊन चालताना तोल जात असेल, तर मानेतील मज्जारज्जूची तपासणी तातडीची ठरते. सकाळी बोटांचे सांधे सुजलेले आणि तासभर ताठ राहत असतील, तर संधिवाताच्या तज्ज्ञांकडे जावे. मनगट लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते.

यांपैकी काही नसेल, तर वर सांगितल्याप्रमाणे तीन आठवडे काटेकोर करा. रात्रीची जाग कमी होत गेली आणि वहीत कळ सुरू होण्याची वेळ २० मिनिटांच्या पलीकडे सरकली, तर चाचणीच्या आधीच्या महिन्यात तुम्ही अडीच ते तीन तासांच्या विभागलेल्या सरावापर्यंत पोहोचाल, आणि ३० च्या वेगासाठी तो माझ्या अनुभवात पुरेसा असतो. तीन आठवड्यांत नोंदी जिथल्या तिथेच राहिल्या, तर डॉक्टरांना भेटा. ते नसेतील विद्युतप्रवाहाची चाचणी सुचवतील. ती सुरुवातीच्या काळात सामान्य येऊ शकते, तेवढ्याने तुमची तक्रार खोटी ठरत नाही. अंगठ्याच्या कंडरेसाठी ते स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवू शकतात. योग्य जागी दिलेल्या एका इंजेक्शनने अनेकांना चांगला आराम पडतो, त्याला घाबरण्याचे कारण नाही. चाचणीच्या आठवड्यात मात्र ते नको, निदान तीन-चार आठवडे आधी घ्यावे, म्हणून निर्णय लांबवू नका. जाताना ही नोंदवही, रक्ततपासणीचे अहवाल आणि सराव करतानाचे ते दोन मिनिटांचे चित्रण बरोबर न्या. तपासणीच्या खोलीत हात नुसता मांडीवर ठेवलेला दिसतो. तो काम करताना कसा चालतो, हे डॉक्टरांना तेवढ्या चित्रणातूनच दिसेल.